माळदरवाज्याचा नान

दार नुसतं लोटून घे, मर्दोन. कडी नको लावू. वारा येतो तर येऊ दे, इथे कोणी लोण्याचं नाही. मी बसलेला असताना ह्या चहाखान्याला कडी लागत नाही, हे इथल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. ही दोन पोरं नवी आहेत, धरणाच्या कामावर आलेली, म्हणून त्यांना सांगायला हवं. वीज काही आता सकाळशिवाय यायची नाही. चहा ओत. आणि मधेच कोणी मोबाइलचा दिवा लावला तर मी उठून जाईन.

हसतोस काय रे? तुलाच भुताची गोष्ट हवी होती ना? मग ऐक. मी सोबिर, ट्रॅक्टरवाला. चाळीस वर्षं ह्या सारीकुर्गानात ट्रेलर ओढला. हे माझ्या शेजाऱ्याच्या घरी झालं, ऐकीव नाही.

नोर्मत त्याचं नाव. किल्ल्याच्या भिंतीला टेकून गावातलं शेवटचं घर त्याचं, आणि त्याच्या अलीकडे तीनशे पावलांवर माझं. आम्ही दोघं एका वयाचे, एकाच तुतीच्या झाडावरून पडलेले. घरात तो आणि त्याची बायको ओयसुलू. एकुलता एक मुलगा मुरोद, तो दोन वर्षं रशियात बांधकामावर होता.

त्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस लांबला आणि नोर्मतच्या अंगणाची भिंत दाराजवळ बसली. चौकटीसकट. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो माझ्याकडे आला.

"सोबिर, ट्रेलर काढ. किल्ल्यावर जाऊन माती आणू."

म्हटलं, "चल."

ह्यात विशेष काही नव्हतं. सगळं गाव तिथूनच माती आणतं. हजार वर्षं ऊन खाल्लेली माती ती, पेंढा घालून पुन्हा तुडवली आणि लिंपली की भेग म्हणून पडत नाही. 'इथे खोदू नये' अशी सरकारी पाटी आहे खरी. त्या पाटीचा खांब कलला तेव्हा मीच ट्रेलरभर माती आणून तो सरळ केला, तीही किल्ल्याचीच.

आता किल्ल्याचं थोडं सांगतो. शाळेतले मास्तर सांगतात ते विसरा, मास्तरांच्या गोष्टीत सगळे वीर असतात. सारीकुर्गान म्हणजे राज्याची शेवटची भिंत, मग राज्य कोणाचंही असो. आगीला पुजणारे होते तेव्हा त्यांच्या राज्याची. मग नवा धर्म घेऊन आले त्यांच्या राज्याची. मग कुठकुठल्या सुलतानांच्या. माझ्या लहानपणी खोदकामवाले आले होते, त्यांनी भिंत वरून खालपर्यंत कापून सात थर मोजले. माझ्या वडिलांनी त्यातल्या म्हाताऱ्याला विचारलं, सात थरांत निराळं काय सापडलं? तो म्हणाला, नाणी निराळी, देव निराळे, मडकी निराळी. बाण मात्र सातही थरांत एकाच बाजूने आलेले.

पश्चिमेच्या बाजूने. तिकडे माळ आहे, गवताचा, त्याला शेवट नाही. त्या बाजूचं दार म्हणजे माळदरवाजा. खरबुजं पिकली आणि घोडे चरून तगडे झाले की माळावरून धाड यायचीच. दरसाल. तरी माणसांना बाहेर जावं लागे. गवत कापायला, मेंढरं वळवायला.

आपल्याकडे पोरगा परगावी निघाला की नानचा एक घास तोडतो, आणि उरलेला नान त्याची आई खुंटीला टांगते. तो परत येऊन संपवेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. तुम्हा दोघांच्या घरीही टांगलेला असेल. आता सगळे ह्याला माया म्हणतात. सारीकुर्गानात ती माया नव्हती, पहारा होता. बाहेर जाणाऱ्याने दरवाजेवाल्यासमोर नान दातांनी तोडायचा. तो नान दरवाजेवाल्याच्या खोलीत खुंटीवर. संध्याकाळी माणूस परत आला की दाराच्या भोकातून त्याचा नान बाहेर द्यायचा. त्याने आधीच्या घासाशेजारी दुसरा घास घ्यायचा, नान आत. दात जुळले, तर कडी निघायची. कारण माळावरचे लोक मेलेल्यांचे अंगरखे घालून यायचे. पकडलेल्या पोरांकडून आपली बोली शिकून यायचे. अंगरखा चोरता येतो, आवाज चोरता येतो, दात कुठून आणणार?

एका वर्षी गवतकापणीच्या शेवटच्या दिवशी सदतीस माणसं बाहेर होती. अंधार पडता पडता ती धावत आली आणि त्यांच्या पाठोपाठ धाडीच्या घोड्यांची धूळ. सदतीस नान, सदतीस घास... दरवाजेवाल्याने पहिला नान खुंटीवरून काढला आणि परत टांगला. कडी काढलीच नाही. त्या सदतिसांत त्याचा स्वतःचा मुलगा होता. पोराने भोकाला तोंड लावलं आणि म्हणाला, "बाबा, नान द्या, चावून दाखवतो."

दरवाजेवाल्याने भोकात चिंध्या कोंबल्या.

धाडवाल्यांना घाई नव्हती. त्यांनी एकेकाला दाराशी आणलं आणि आईला हाक मारायला लावली. रात्रभर. आतल्या बाजूने सगळ्या आया भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. उजाडल्यावर माळावर कोणी नव्हतं, आणि गाव वाचलं होतं. राहिले सदतीस नान. खायचे कोणी, ज्याचे त्याचे ते. फेकायचे कसे, नान आहे. दरवाजेवाल्याने ते खोलीतल्या कोनाड्यात टांगले आणि कोनाडा विटांनी बुजवला, आयांच्या नजरेला पडू नयेत म्हणून.

नोर्मत त्या घराण्यातला. आजही त्या घराला दरवाजेवालेच म्हणतात. आणि त्याला त्याचा काय अभिमान! लग्नाच्या पंगतीत दोन पेले पोटात गेले की म्हणायचा, "आमच्या बापजाद्याने काळीज दगडाचं केलं, म्हणून तुम्ही आज पुलाव खाताय." मुरोद लहानपणी उशिरा घरी आला की हा दाराआडून ओरडायचा, "कोण आहे? दात दाखव!" आणि ते पोर भोकाला तोंड लावून म्हणायचं, "बाबा, नान द्या, चावून दाखवतो!" मग दोघं हसायचे. तो त्या बापलेकांचा खेळच होता. मुरोदचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला, गाढवाच्या लाथेने. त्यामुळे त्याचा घास कुठूनही ओळखू यायचा. रशियाला निघाला तेव्हाचा त्याचा नान ओयसुलूने स्वयंपाकघरात टांगला होता, पांढऱ्या फडक्यात.

तर आम्ही मातीला गेलो. माळदरवाज्याचा बुरूज नोर्मतने स्वतः निवडला. म्हणाला, "दाराला दाराचीच माती." दुपारपर्यंत ट्रेलर भरत आला. मग त्याची कुदळ आत गेली आणि आतच राहिली. मागे पोकळ होतं.

विटा काढल्या. कोनाडा. लाकडी खुंट्यांच्या रांगा, आणि खुंट्यांखाली काळा भुगा. आमचा वारा लागला तसा तोही बसला. एकच खुंटी वेगळी होती, लोखंडाची, सगळ्यांच्या वर. तिच्यावर एक नान अख्खा. काळा, दगडासारखा कडक. कडेला एक घास तोडलेला.

नोर्मतने त्यावर अंगठा फिरवला. "बघ सोबिर, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता बिचाऱ्याचा."

म्हटलं, "ठेव तो जागच्या जागी. विटा लाव."

"हा आमचा आहे. वेगळ्या खुंटीवर टांगलाय, दिसत नाही? हा दरवाजेवाल्याच्या पोराचा."

"म्हणूनच म्हणतो, ठेव."

"कोनाडा आता पडणार. नान मातीत पडू देऊ? पायाखाली?"

तेही खरंच. आपल्यात नानचा तुकडा रस्त्यात दिसला तरी आपण उचलून कपाळाला लावतो. त्याने नानला ओठ टेकले, कपाळाला लावला आणि टोपीत ठेवून घरी नेला. मी ट्रेलर हाकत होतो. त्याला अडवायला मला दोन हात होते, पण मी अडवलं नाही, हे मी कबूल करतो.

घरी त्याने तो मुरोदच्या नानशेजारच्या खुंटीला टांगला. तसंच पांढरं फडकं बांधून. ओयसुलूने भांडं आपटलं.

"मेलेल्याचा नान माझ्या पोराच्या शेजारी? वेड लागलंय का तुम्हाला?"

"आपल्याच घरातला आहे तो. भाऊबंद आहे मुरोदचा."

"मग येईल हो भाऊबंद जेवायला, वाढा त्याला!"

त्या आठवड्यात अंगणाची भिंत उभी राहिली. माळदरवाज्याच्या मातीची. तिच्यात जुनंच दार बसवलं, आजोबांच्या वेळचं, नान जाईल एवढं भोक असलेलं.

डिसेंबर लागला. थंडी अशी पडली की कालव्यातल्या बर्फावरून पोरं सायकली फिरवायला लागली. पहिल्या रविवारी रात्री नोर्मतच्या दारावर थाप पडली. हलकी. नोर्मत कंदील घेऊन गेला.

"कोण आहे?"

"आत घ्या."

तरुण आवाज होता. नोर्मतने दार सताड उघडलं. कोणी नव्हतं. बर्फावर पाऊल नव्हतं. घोड्याच्या घामाचा वास मात्र आला, असं तो मला दुसऱ्या दिवशी म्हणाला. आता त्या घरात घोडा कधीच नव्हता. तो बराच वेळ दार उघडं धरून उभा राहिला, मग लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ओयसुलूची कटकट सुरू झाली. हिवाळ्यात आपण निखाऱ्यांच्या खड्ड्यावर चौरंग ठेवतो, वर रजई टाकतो आणि चारी बाजूंनी पाय आत घालून बसतो ना? त्या घरात माणसं दोन. रोज सकाळी तिसऱ्या बाजूची रजई उचललेली दिसायची. ती म्हणायची, तुम्हीच रात्री उठून बसता. तो म्हणायचा, तूच बसत असशील.

मग पुढच्या रात्रींना आवाज वाढले. एक नाही, बरेच. भिंतीच्या पलीकडून, दबक्या आवाजात, नवरा-बायको दोघांनी ऐकले. कोणी आईचं नाव घेई. कोणी नुसतंच "उघडा, उघडा." एके रात्री एक जण भोकाशी तोंड आणून म्हणाला, "नान द्या... चावून दाखवतो."

नोर्मत मुल्लाकडे गेला. मुल्ला म्हणाला, जिथला नान तिथे ठेवून या. आम्ही दोघं गेलो, पण कोनाडा पार ढासळलेला, वर गुडघाभर बर्फ. कुदळ मारली तर ठिणगी उडाली. परत आलो. मग मीच चहाखान्यात शहाणपण शिकवलं. इथेच, ह्याच जागी बसून. म्हटलं, "हे बघा, अंधार पडल्यावर कोणी हाक मारली तर दार उघडायचं नाही. ओळखीचा आवाज असला तरी नाही. ओळखीचा असला तर मुळीच नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सोबिरचं डोकं चालतं, म्हणाले.

मर्दोन, निखारे जरा वर कर.

सत्तावीस डिसेंबर. मंगळवार. चिल्ला लागून तिसरा दिवस, म्हणजे कडाक्याच्या चाळीस दिवसांतला तिसरा. चार दिवस वीज नव्हती, फोनचा टॉवर बंद, गॅसची ज्योत करंगळीएवढी. त्या दिवशी दुपारी ओयसुलूने एक काम केलं. मुरोदच्या नानची खुंटी बाहेरच्या भिंतीवर होती आणि तिथे ओल धरायला लागली होती. पोराचा नान बुरसेल म्हणून तिने तो काढून शेजारच्याच, आतल्या भिंतीच्या कोरड्या खुंटीवर टांगला, आणि तिथला जुना काळा इकडे ओलीच्या खुंटीवर. दोन्ही सारख्याच फडक्यांत. नवऱ्याला सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही, सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

रात्री साडेअकराला थाप पडली. जोरात. तीनदा.

"बाबा! मी मुरोद. दार उघडा."

दोघंही अंथरुणात उठून बसली.

"बाबा, ट्रकवाल्याने मोठ्या रस्त्यावर सोडलं. चालत आलो. पाय... पाय कळत नाहीत. उघडा ना."

ओयसुलू अनवाणीच धावली. नोर्मतने तिला अंगणात पकडलं. मुरोद वसंतात, नवरोजला यायचा होता. तसं त्यानेच फोनवर कळवलं होतं. काम मध्येच बंद पडलं आणि त्याला परत पाठवलं, हे कळवायला टॉवर होता कुठे?

"तो नाही तो," नोर्मत म्हणाला. "ते आहेत."

"माझ्या पोराचा आवाज मला कळत नाही?"

"आवाज चोरता येतो."

बाहेर दात वाजत होते. ऐकू येत होते. आणि मग... त्या पोराला काय वाटलं कोण जाणे. बापाला हसवावं असं वाटलं असेल. लहानपणीचा खेळ आठवला असेल. त्याने भोकाला तोंड लावलं.

"बाबा... नान द्या. चावून दाखवतो."

नोर्मतने ओयसुलूचा दंड आणखी घट्ट धरला. हेच शब्द. आठ दिवसांपूर्वीचेच.

ओयसुलू रडत म्हणाली, "मग द्या ना त्याला! त्याचा नान द्या. तुमच्याच घराण्याची रीत ना? दात जुळतील. द्या!"

कंदिलात तेल नव्हतं. नोर्मत चाचपडत आत गेला. ओलीच्या खुंटीवर हात घातला. दोन वर्षं मुरोदचा नान तिथेच होता. फडकं सोडलं. भोकातून बाहेर दिला.

बाहेरून तो ओढून घेतला गेला.

मग दगडावर दात घासल्यासारखा आवाज. एकदा. पुन्हा एकदा.

"बाबा... हा फार... कडक..."

नान परत आत आला. नोर्मतने अंगठा फिरवला. कडेकडेने. तुटका दात शोधत.

अंगठ्याला लागला तो चढलेला दात.

त्याने नान छातीशी धरला. दुसऱ्या हाताने दाराचा आडणा खाली टाकला. ओयसुलूला उचललं, घरात नेलं, तिच्या तोंडावर उशी धरली... मारायला नाही रे. तिने हाक मारू नये म्हणून. आईने हाक मारली की ते आत येतात, हेही मीच सांगितलं होतं.

बाहेरून आणखी हाका आल्या. थोड्या.

मग "आई" म्हणून एक.

मग काही नाही.

...

थांब. चहा नको.

सकाळी सातला मी बर्फ झाडायला बाहेर आलो. माझ्या दारापुढे पावलं होती. नोर्मतच्या घराकडून आलेली. एक पाय ओढलेला. माझ्या उंबऱ्याशी बर्फ दबलेला, कोणी गुडघ्यांवर बसल्यासारखा. मग तीच पावलं परत नोर्मतच्या घराकडे. तीनशे पावलं. शेवटची शंभर हातांची आणि गुडघ्यांची होती.

मी ऐकलं होतं, पोरांनो. रात्री बाराच्या सुमाराला. "सोबिरकाका, उघडा. मी मुरोद." दोनदा. मी जागा होतो. आमचीही जागी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी कूस बदलली. गावात शहाणा मीच होतो ना.

मुरोद त्यांच्या दाराशी बसला होता. नव्या भिंतीला पाठ लावून. भुवयांवर बर्फ. डोळे उघडे. ओठ फुटलेले आणि खालच्या ओठावर काळं पीठ. तुटका दात आणखी थोडा तुटला होता.

मी दार ठोकलं. आत आडणा निघायला वेळ लागला. नोर्मत उभा होता, रात्रभर छातीशी धरलेला नान तसाच घेऊन. त्याने बाहेर पाहिलं. मग उजेडात हातातल्या नानकडे पाहिलं. काळ्या, दगडी नानकडे. त्याला तिथेच समजलं, खुंटी चुकली होती. ओयसुलूलाही समजलं. तिने पोराची टोपी काढली, बर्फ झटकला आणि परत घातली. एवढंच.

मयत आत न्यायला मी चौरंगाशी जागा करायला गेलो. निखारे कधीच विझले होते. पण तिसऱ्या बाजूची रजई उचललेली होती. आत हात घातला तर तेवढी एकच बाजू ऊबदार. आणि चौरंगावर पांढरं फडकं, उघडं, नीट पसरलेलं. नानचा चुरा.

मुरोदचा नान. आतल्या खुंटीवरचा.

ओयसुलू रात्रभर उशीखाली होती. नोर्मत तिच्यावर ओणवा. दोघांपैकी कोणीही जागचं हललेलं नव्हतं. आणि दार आतून बंद होतं.

नोर्मत त्या फेब्रुवारीत गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. शेवटपर्यंत अंगणाचं दार त्याने लावलं नाही, उंबऱ्यातच बसून राहायचा, कोणी लावायला गेलं तर चावायला धावायचा. ओयसुलू बहिणीकडे गेली. जाण्याआधी एक पत्र्याचा डबा माझ्याकडे देऊन गेली. म्हणाली, "सोबिरभाऊ, हे मला टाकवत नाही, मातीत पुरवत नाही, ठेववतही नाही. तुम्ही ठेवा. तुमचंही आहे." डबा मी घेतला.

हा काय. बरोबरच असतो.

लाव आता मोबाइलचा दिवा, मर्दोन. लाव, मी सांगतोय ना.

हा काळा, किल्ल्यातला. हा त्याचा घास, हा चढलेला दात. अंगठा फिरव. हळू. कळला?

आणि हा मुरोदचा. चौरंगावर मिळाला तो असा. सगळा खाल्लेला, फक्त मुरोदच्या घासाची कड तेवढी शिल्लक ठेवलेली. ह्या अंगाला त्याचा तुटका दात, हा. आता उलट. ह्या अंगाने त्या रात्री कोणी खाल्ला ते बघ. नोर्मतची वरची कवळी होती, ओयसुलूला पुढचे दात नाहीत.

लाव ना अंगठा. घाबरतोस काय?

...

बोल आता.

चढलेला आहे ना?